दाढ सिव्हिलमध्ये दाखवायची की खासगीत? पांढुर्णा-सौंसरच्या रुग्णांपुढचा हिशेब

पांढुर्णा/सौंसर : खालची दाढ रात्रभर ठणकते. लवंग दाबून होते, मेडिकल स्टोअरमधून दोन गोळ्या आणून होतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणे एकदम थांबते. घरचे म्हणतात, बरे झाले, खर्च वाचला. फसगत होते ती नेमकी इथेच. दुखणे थांबले म्हणजे बहुतेक वेळा दाढेतली नस मेलेली असते. मेलेल्या नसेतला संसर्ग मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गाल सुजवून वर येतो. जी दाढ वाचली असती ती तोवर उपटण्याच्या लायकीची होऊन बसते.

म्हणून सरकारी की खासगी, या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न येतो : दाढ वाचण्याजोगी आहे का? याचे उत्तर तोंडात टॉर्च मारून पुरते मिळत नाही, एक्स-रे लागतो. हिरडीच्या वर दाढेचा भाग किती उरला, कीड मुळांच्या फाट्यापर्यंत गेली का, हाड किती झिजले, हे त्यात दिसते. वरचा भाग निम्म्याहून जास्त शाबूत असेल आणि दाढ हलत नसेल, तर ती वाचवण्यासाठी धडपड करावी. दाढ हलत असेल, मूळ उभे चिरले असेल किंवा हिरडीखाली नुसते खुंट उरले असतील, तर तिच्यावर हजारो रुपये घालू नयेत.

उपटायचीच ठरली, तर साध्या कामासाठी खासगीत जायचे फारसे कारण नाही. पांढुर्णा आणि सौंसर दोन्हीकडे शासकीय रुग्णालय आहे. पर्ची काढायची, दाताच्या डॉक्टरांना दाखवायचे. सुन्न करण्याचे इंजेक्शन तेच, हत्यारे तीच आणि पदवीही तीच बीडीएस. मध्य प्रदेशात सरकारी रुग्णालयांतून औषधे मोफत देण्याची योजना 2012 पासून आहे, त्यामुळे नंतरच्या गोळ्यांचाही बोजा पडत नाही. फक्त गावाहून निघण्याआधी विचारून घ्यावे : दाताचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात, एक्स-रे चालू आहे का? सकाळी बस धरून आलेल्या माणसाला ‘आज डॉक्टर नाहीत’ ऐकून परत जावे लागले, तर मोफत इलाज त्या दिवसाच्या रोजीइतका महाग पडतो.

खरा पेच पडतो तो दाढ वाचवायची असते तेव्हा. रूट कॅनल, म्हणजे लोक ज्याला नस साफ करून भरणे म्हणतात, ते एका बैठकीचे काम असेलच असे नाही. पुढच्या दाताला बहुधा एकच नळी असते, तो लवकर आटोपतो. खालच्या मोठ्या दाढेत तीन, कधी चार नळ्या असतात. प्रत्येक नळी टोकापर्यंत मोजायची, साफ करायची, भरायची आणि वर कॅप बसवायची. हे सामान आणि इतका वेळ तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मिळेल असे धरून चालू नये. केंद्राचा राष्ट्रीय मुख आरोग्य कार्यक्रम 2014-15 मध्ये सुरू झाला, दंत विभागांना साहित्य व मनुष्यबळ देणे हा त्याचाच भाग. पण कागदावरची सोय आणि आपल्या रुग्णालयातली सोय वेगळी असू शकते, चौकशी करावीच.

पांढुर्णा 2023 मध्ये जिल्हा झाला, सौंसरही त्यातच आले. तरी दाताच्या मोठ्या कामासाठी नजर दक्षिणेकडेच जाते. मध्य प्रदेशाचे शासकीय दंत महाविद्यालय इंदूरला, 1961 चे. इथल्या माणसाला ते असून नसल्यासारखे. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय 1968 चे आणि मेडिकलच्या आवारात. सौंसरहून नागपूर सुमारे 70 किलोमीटर, पांढुर्ण्याहून शंभराच्या आसपास. दोन्ही रस्ते सावनेरला मिळतात. पांढुर्ण्याहून नरखेड-काटोलमार्गे रेल्वेही आहे. मध्य प्रदेशाचे आधार कार्ड आहे म्हणून तिथे कोणी परत पाठवत नाही. छिंदवाडा, बैतूल, बालाघाटकडचे रुग्ण नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत वर्षानुवर्षे जात आले आहेत.

तिथली रीत माहीत असली म्हणजे दिवस वाया जात नाही. सकाळी केसपेपर काढायचा, आधी तपासणी विभागात दाखवायचे, मग एक्स-रे. त्यानंतर काम पाहून पुढचा विभाग ठरतो : नस भरायची असेल तर एक, उपटायची असेल तर दुसरा, कॅप-कवळीचा तिसरा. पहिल्या दिवशी प्रत्यक्ष काम सुरू होईलच असे नाही, अनेकदा तारीख मिळते. काम शिकाऊ डॉक्टर करतात, वर शिक्षकांची नजर असते. ‘विद्यार्थी आपल्या दाढेवर हात साफ करतात’ ही भीती बरेच लोक बोलून दाखवतात. ती अर्धीच खरी आहे. वेळ जास्त लागतो हे खरे, पण प्रत्येक टप्पा शिक्षकांना दाखवून पुढे जावे लागते, आणि एमडीएस करणारा विद्यार्थी हा आधीच पदवी घेतलेला डॉक्टर असतो. हिंगणा रस्त्यावर आणि वर्ध्याजवळ सावंगी मेघे येथे खासगी दंत महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, तिथेही याच पद्धतीने काम चालते. तिथला दर आधी विचारावा.

आता हिशेब. समजा, सौंसरजवळच्या संत्र्याच्या बागेत रोजीने जाणाऱ्या माणसाला नागपूरला चार चकरा लागल्या. चार दिवसांची बुडालेली रोजी, जाण्या-येण्याचे भाडे, बाहेरचे जेवण आणि सोबत कोणी आले तर त्याचीही रोजी. हा आकडा मांडून त्यात कॉलेजचा खर्च मिळवावा आणि गावातल्या खासगी दवाखान्याच्या दराशेजारी ठेवावा. एका दाढेसाठी कधी कधी गावातलाच दवाखाना स्वस्त पडतो. तीन-चार दातांचे काम असेल, कवळी करायची असेल किंवा अक्कलदाढ हाडात आडवी अडकली असेल, तर नागपूरचे पारडे जड होते. तुडाईच्या हंगामात हिशेब आणखी बदलतो, तेव्हा एकेक दिवस मोलाचा असतो.

खासगीत जायचे ठरले तर खुर्चीवर बसण्याआधी बोलून घ्यावे. सांगितलेल्या रकमेत कॅप धरली आहे का? भांडणे बहुतेक याच मुद्द्यावरून होतात. नस काढलेली दाढ ठिसूळ होते. चावण्याच्या दाढेवर कॅप नसेल तर सुपारी किंवा भाजलेला चणा तिला उभी चिरू शकतो, मग उपटण्याशिवाय इलाज नाही. म्हणजे नस भरली आणि कॅपचे पैसे नाहीत म्हणून सोडले, तर पहिलेही पैसे बुडाले. धातूची कॅप दिसायला साधी असली तरी मागच्या दाढेला चालते, महागड्या पांढऱ्या कॅपचा आग्रह तिथे नको. कॅपपुरते पैसे जमण्यासारखे नसतील तर नागपूर गाठावे, तेही जमत नसेल तर दाढ काढून मोकळे व्हावे, त्यात लाज कसली. रक्कम टप्प्याटप्प्याने देता येते का, हेही विचारायला हरकत नाही.

दवाखान्यात राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक लावलेला असावा. बाजारात खुर्ची टाकून बसणाऱ्या झोलाछाप माणसाकडून ‘पक्का दात’ बसवून घेऊ नये. तो शेजारच्या चांगल्या दातांना मसाल्याने चिकटवलेला असतो, खाली अन्न सडते आणि एकाच्या जागी तीन दात जातात.

आयुष्मान कार्डाबद्दल बराच गैरसमज आहे. 2018 मध्ये सुरू झालेली ही योजना वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतचा खर्च उचलते, पण तो भरती होऊन केलेल्या इलाजाचा. दाढ भरणे, रूट कॅनल, कॅप ही बाह्यरुग्ण कामे त्यात बसत नाहीत. जबडा मोडला किंवा तोंडाचा कर्करोग निघाला तर कार्ड कामी येते, आणि योजनेत असलेल्या नागपूरच्या रुग्णालयातही चालते. महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले योजना मात्र मध्य प्रदेशाच्या रेशन कार्डावर मिळत नाही.

खर्रा खाणाऱ्यांसाठी वेगळे सांगणे आहे. तोंड तीन बोटे उभी मावतील इतके उघडत नसेल, तिखट झोंबत असेल, तर दाढेआधी तेच डॉक्टरांना सांगावे. तोंड उघडले नाही तर मागच्या दाढेची नस भरणेच कठीण. दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असेल, तर दाढेचा विषय बाजूला ठेवून आधी त्याची तपासणी करून घ्यावी.

काही वेळा सरकारी-खासगी असा विचार करायला वेळच नसतो. सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली मानेकडे उतरत असेल, ताप असेल, थुंकी गिळता येत नसेल, श्वासाला त्रास होत असेल, तर रात्र असली तरी 108 ला फोन करून मोठ्या रुग्णालयात जावे. हा संसर्ग जीव घेऊ शकतो. साखरेच्या रुग्णात तो झपाट्याने पसरतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा हृदयाची झडप बदललेली असेल, तर पर्ची काढतानाच सांगावे, गोळी आपल्या मनाने बंद करू नये. दुखऱ्या दाढेशेजारी अॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नये, हिरडी भाजते.

दाढ काढल्यावर कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरायचा, 24 तास जोरात चूळ भरायची नाही. खर्रा-बिडी निदान तीन-चार दिवस बंद. नाहीतर खड्ड्यातली रक्ताची गाठ निघते आणि आधीच्या दाढदुखीपेक्षा वाईट ठणका लागतो. एक्स-रे आणि कागद, सिव्हिलचा असो की खासगीचा, पिशवीत जपून ठेवावे. नागपूरला गेल्यावर तिथल्या डॉक्टरांना आधी काय काम झाले ते त्यावरूनच कळते.