बेगमी पावसाची, पूर धरणाचा

माणला आमच्या घरी पावसाळ्याची तयारी मृग लागायच्या आत संपायची. कौले उतरवून, फुटकी बदलून शाकारणी व्हायची. सरपण आणि गोवऱ्या पडवीत, पेंढा माळ्यावर, धान्य कणगीत. मुळशीच्या डोंगरांकडून येणारी झड आठ-आठ दिवस हटत नसे. तेवढे दिवस चूल पेटती राहावी आणि गोठ्यातले जनावर उपाशी राहू नये, एवढाच या बेगमीचा हेतू होता.

या यादीत पुरासाठी म्हणून काहीच नव्हते. त्याचे कारण मला फार उशिरा उमगले. आमचे जुने घर उंचवट्यावर होते आणि भाताची खाचरे खाली ओढ्याकाठी. पाण्याची जागा सोडून राहायचे, हीच पुराची तयारी होती. ती घर बांधतानाच झालेली असल्यामुळे दरवर्षी करावी लागत नव्हती.

धरणांनी हा हिशेब बदलला. मुळशीचे धरण टाटा कंपनीने विजेसाठी बांधले. त्यात बुडणाऱ्या गावांनी १९२१ साली सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे पुढारी. धरण तरीही झाले. मुळेचे पाणी पश्चिमेला वळून भिरा येथे वीज करू लागले. तेव्हापासून खालच्या गावांना नदी किती येणार हे केवळ आभाळाकडे पाहून सांगता येईना. वर साठा किती आणि विसर्ग किती, हेही कळावे लागते.

ते कळले नाही तर काय होते, हे शेजारच्या मुठेने दाखवले. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण फुटले. बांध खचू लागल्यावर जवानांनी तेथे वाळूची पोती रचली होती, पण बांध टिकला नाही. ते पाणी खडकवासल्यावर आले आणि १८७९ साली पुरे झालेले ते दगडी धरणही काही तासांत फुटले. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

माझी आत्या तेव्हा नारायण पेठेत नांदत होती. ती सांगायची, ‘‘वर्षाचे गहू भरून झाले होते रे. पापड-लोणची झाली होती. घर अगदी तयार होतं.’’ धरण फुटल्याची ओरड आली तेव्हा आधी ती कुणाला खरी वाटेना. मग मुलांना घेऊन सगळे पर्वतीकडे धावले. परतल्यावर गहू आंबले होते आणि घराचे कागद तळमजल्यावरच्या पेटीत लगदा होऊन पडले होते. त्यातच खडकवासला रिकामे झाल्याने शहराचे नळ कोरडे पडलेले. पुरात बुडालेल्या शहरात माणसे पिण्याच्या पाण्यासाठी विहिरी आणि जुने हौद शोधत फिरली.

आत्याच्या घरात बेगमीची कमतरता नव्हती, बातमीची होती. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्याचा विसर्ग वाढल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हाही वेळेवर सूचना मिळाली नाही अशीच रहिवाशांची तक्रार होती. मधे त्रेसष्ट वर्षे गेली होती.

माणला मात्र धरणाकडे बोट दाखवून सुटता येत नाही. २०२५च्या पावसाळ्यात हिंजवडी-माणच्या आयटी पार्कातले रस्ते पाण्याखाली गेले आणि बुजवलेल्या, वळवलेल्या ओढ्यांची चर्चा झाली. आमचे ओढ्याकाठचे खाचर आम्हीच विकले. भराव पडताना मी बांधावर उभा होतो आणि काही बोललो नाही. नवे घरही आम्ही खालच्या अंगालाच बांधले, कारण तिथे रस्ता जवळ होता. आजोबांनी तिथे गोठासुद्धा घातला नसता. गेल्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता आईच्या खाटेखाली पाणी आले, तेव्हा ते वाट चुकून आलेले नव्हते.

आता मृगाआधी आमच्याकडे दुसरी बेगमी होते. सातबारा, आधार आणि आईच्या औषधांची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या मजल्यावर जाते. प्यायचे पाणी भरून ठेवतो. विजेचे बोर्ड वर घेतले. मेन स्विच कुणी बंद करायचा आणि आईला जिन्यावरून कुणी न्यायचे, हे ठरलेले आहे. धरणाच्या विसर्गाचे आकडे धाकटी रोज वाचून दाखवते. आणि पावसाळ्याआधी मी ग्रामपंचायतीत जाऊन ओढ्याचा उरलेला भाग साफ झाला का, ते विचारतो. भराव पडला त्या दिवशी विचारायला हवे होते.