अश्वांचा नित्य रतीब व त्याचीं मापें

मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांस घोड्यांची संख्या, त्यांच्या किंमती व त्यांच्या दौडी यांचे उल्लेख पदोपदीं सांपडतात. परंतु हा प्राणी रोज काय व किती खात होता, आणि एका पागेंतील अनेक घोड्यांस आपापल्या वांट्याचा दाणा व त्यावरील तूप, मीठ, गूळ, औषध हीं नित्य न चुकतां कशीं पोंचत होतीं, याचा विचार फारसा झालेला नाहीं. हा विषय क्षुल्लक नव्हे. रतीब चुकला कीं घोडा खचतो आणि घोडा खचला कीं स्वारी थांबते. रतीबाचे आंकडे जुन्या ग्रंथांत व कागदांत आहेत; ते वाचावे कसे, याविषयीं आम्हांस जें सुचलें तें येथें मांडतों.

कौटिलीय अर्थशास्त्र शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसूर येथें प्रसिद्ध केलें. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांतील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणांत उत्तम घोड्याचा रोजचा आहार असा सांगितला आहे : भात, जव, राळा यांपैकीं धान्य किंवा शिजविलेले मूग-उडीद २ द्रोण; स्नेह, म्हणजे तूप-तेल, १ प्रस्थ; मीठ ५ पलें; मांस ५० पलें; पिंड भिजविण्यास रस १ आढक किंवा दहीं त्याच्या दुप्पट; आणि प्रतिपान म्हणून ५ पलें क्षार घातलेली सुरा १ प्रस्थ किंवा दूध त्याच्या दुप्पट. येथें क्षार शब्दानें पापडखार किंवा सज्जीखार समजूं नये. त्याच ग्रंथांत कोष्ठागाराध्यक्षाच्या प्रकरणीं फाणित, गूळ, खांड, शर्करा यांच्या वर्गास क्षारवर्ग म्हटलें आहे. घोड्याच्या पेयांत गोड घालावयाचें आहे, खार नव्हे. एका शब्दाचा अर्थ चुकला तर रतीबच बदलतो, त्याचें हें उदाहरण होय.

मध्यम व कनिष्ठ घोड्यांस हाच आहार पाव हिश्शानें कमी द्यावा असें पुढें सांगितलें आहे. हा पाव हिस्सा सहज सुचलेला नाहीं. चार कुडुबांचा एक प्रस्थ, चार प्रस्थांचा एक आढक व चार आढकांचा एक द्रोण असें त्या काळचें कोष्टक असल्यामुळें, पाव हिस्सा कमी करणें म्हणजे चार भांड्यांतून एक भांडें बाजूस ठेवणें इतकेंच होय. अश्वपालास गणित येण्याची गरज राहत नाहीं.

शिंगरांच्या आहाराचें वचन याहून मनोरंजक आहे. जन्मानंतर दहा रात्री लोटल्या कीं १ कुडुब सातू, त्यांत चौथा भाग तूप, व १ प्रस्थ दूध, असा क्रम सहा महिन्यांपर्यंत चालतो. पुढें १ प्रस्थ जव सुरू करून दरमहा अर्धवृद्धि करीत तीन वर्षांपर्यंत न्यावें, व चार वर्षांपर्यंत १ द्रोण द्यावा. ही अर्धवृद्धि म्हणजे काय? आदल्या महिन्याच्या निम्म्यानें वाढ धरली, तर थोड्याच महिन्यांत शिंगराचा आहार थोर घोड्याच्याही पलीकडे जाईल. परंतु अर्धा प्रस्थ असा अर्थ घेतला, तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या ३० महिन्यांत १५ प्रस्थ वाढ होते. मूळचा १ मिळविला कीं १६ प्रस्थ, म्हणजे बरोबर एक द्रोण! पुढील वर्षाचा आंकडाही तोच आहे. तेव्हां आमच्या मतें हाच अर्थ खरा. अर्ध्या प्रस्थाचें एक भांडें हातीं असलें कीं दर महिन्यास एक भांडें वाढवावयाचें, यापेक्षां सोपी रीत कोणती असणार?

यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. हे आंकडे भांडें हातांत घेऊन उभ्या असलेल्या मनुष्यासाठीं रचिलेले आहेत. म्हणून भांडें न पाहतां नुसता आंकडा वाचूं नये. अबुल फजलाच्या आइने-अकबरींत याचा उत्तम दाखला आहे. बादशहाच्या खासा घोड्यास पूर्वीं ८ शेर दाणा मिळे. पुढें तो ७॥ शेर झाला. एवढेंच वाचणारा म्हणेल कीं अकबरानें घोड्यांच्या तोंडचा अर्धा शेर काढला. परंतु पूर्वींचा शेर २८ दामांचा होता व नवा ३० दामांचा ठरला. पूर्वींचे २२४ दाम होतात व नंतरचे २२५. आंकडा उतरला, दाणा मात्र होता तेवढाच राहिला.

आतां देण्याच्या रीतीविषयीं. ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याचें प्रवासवृत्त १६७६ सालीं प्रसिद्ध झालें. हिंदुस्थानांत घोड्यांस सकाळीं कणीक व लोणी यांचे दोनतीन गोळे देतात, घोडा ते आपण होऊन घेत नसल्यानें मोतद्दार एका हातानें जीभ धरून दुसऱ्या हातानें गोळा घशांत सारतो, व ही संवय लागण्यास चारपांच महिनेही लागतात, असें तो लिहितो. संध्याकाळीं भरडून भिजविलेले हरभरे देत. म्हणजे दोन रीती झाल्या : जें थोडें व मोलाचें, तें गोळ्यांत, जें पुष्कळ, तें भिजवून मापानें. कौटिल्याचा पिंड आणि हा गोळा यांचें नातें उघड आहे. घोड्याच्या मसाल्याची गूळ-पिठाची गोळी याच कुळांतली.

दुसऱ्या रीतीचें साधन आपला तोबरा. चंदी तोबऱ्यांत घालून तोंडास बांधली कीं बलिष्ठ घोडा शेजाऱ्याचें हिसकावूं शकत नाहीं, दाणा मातींत सांडत नाहीं, आणि सोडतांना तळाशीं काय उरलें हें खासदारास दिसतें. औषध पोटांत गेलें कीं नाहीं, याची परीक्षा तेथल्या तेथें होते.

रतीबाचें माप ही केवळ पागेची सोय नव्हती. शिवछत्रपतींनीं १६७४ च्या राज्याभिषेकापूर्वीं चिपळूण भागांतील पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस लिहिलेलें पत्र सर्वांस विदित आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा व वैरण मन मानेल तशी आतांच उधळली, तर भर पावसांत कांहीं उरणार नाहीं, घोडीं मरतील, आणि मग लोक कुणब्यांच्या घरांतून दाणा, भाकर, गवत ओढूं लागतील, असा त्याचा आशय आहे. पागेंतलें एक माप जास्त भरलें, तर त्याची भरपाई अखेरीस कुणब्याच्या घरांतून होते, हें त्या राजानें ओळखलें होतें.

शेवटीं एक आपली चूक सांगतों. पागेच्या एका यादीवरून घोड्यांच्या चंदीचा हिशेब करतांना आम्हीं पक्का शेर धरला आणि घोडीं फार सुखी होतीं असें अनुमान काढलें. पुढें त्याच घराच्या माळ्यावर मापटें सांपडलें. तें भरून पाहतां तेथला शेर बराच लहान होता, आणि आमचें अनुमान पार ढासळलें. निळवें, कोळवें, चिपटें, मापटें, शेर, पायली हीं मापें गांवोगांव निराळीं होतीं. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनमापें आल्यापासून तीं मोडींत जात आहेत. संग्राहक शालिहोत्राची सचित्र पोथी मोठ्या किंमतीस घेतात. रतीबाची फाटकी यादी रद्दींत जाते, व तिचें माप तांबटाकडे. आमची विनंती इतकीच कीं, यादी मिळेल त्या घरीं मापाचीही चौकशी करावी, तें पाण्यानें भरून त्यांत काय मावतें तें तोलावें, आणि तो आंकडा यादीच्या पाठीवर लिहून ठेवावा. माप गेलें, तर यादींतील अक्षरें राहतील, परंतु घोड्यानें काय खाल्लें हें सांगणारें कोणी उरणार नाहीं.