मोड, भंगार आणि अडगळ : वरठी-भंडारा परिसरातील गृहवस्तूंच्या त्यागाचा इतिहास

प्रस्तावना

घरातील न वापरल्या जाणाऱ्या वस्तू काढून टाकून घर मोकळे करणे, हा विषय अलीकडे प्रामुख्याने मनःस्वास्थ्याच्या अंगाने मांडला जातो. जपानी लेखिका मारी कोंडो यांचे पुस्तक 2014 मध्ये इंग्रजीत आले आणि जी वस्तू आनंद देत नाही ती निरोप देऊन काढून टाकावी, हा त्यांचा निकष जगभर पोहोचला. या विचारात घरातून बाहेर पडलेल्या वस्तूचे पुढे काय होते, हा प्रश्न गौण ठरतो. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील वरठी व तिच्या आसपासच्या गावांत मात्र वस्तूचा त्याग हा दीर्घकाळ एक रोखठोक आर्थिक व्यवहार होता. त्याला 'मोड' असे नाव होते. हा व्यवहार कसा चालत असे आणि तो क्षीण होताच घरात अडगळ कशी साचली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मोडीचा व्यवहार

भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध होते. शहराचे नावच पितळेच्या 'भाणा'वरून पडले असे सांगितले जाते. लांजी येथील शिलालेखातील 'भानारा' या उल्लेखाशीही त्याचा संबंध जोडला जातो. यातील कोणतीही व्युत्पत्ती ग्राह्य धरली, तरी कासार-तांबटांचा व्यवसाय ही या शहराची ओळख होती, यात शंका नाही. वरठी येथील रेल्वे स्थानकाचे नाव 'भंडारा रोड' असे आहे. हा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूर-छत्तीसगड रेल्वेने बांधला व पुढे 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेकडे तो गेला. त्यामुळे भंडाऱ्याच्या बाजारपेठेला रेल्वेचे दार वरठीतच मिळाले.

पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. तो सुमारे 900 ते 940 अंश सेल्सिअसला वितळतो. म्हणजेच कोळशाच्या भट्टीत, मुशीत घालून तो कारागिराला पुन्हा पातळ करता येतो. या साध्या भौतिक गुणधर्मावर सगळा व्यवहार उभा होता. गळका गुंड, पिचलेला गडवा, काठ झिजलेला कोपर हे कासाराकडे नेले जात. तो जुने भांडे तोलून घेई, डाग, माती आणि कल्हईपोटी घट धरी, उरलेल्या वजनाची किंमत नव्या भांड्यातून वजा करी आणि घडणावळ तेवढी घेई. घट किती धरायची यावर घासाघीस होई, हे ओघानेच आले. पण भांडे फुटले म्हणून त्याचे मोल शून्यावर येत नसे. मराठीत एखादी गोष्ट 'मोडीत काढणे' म्हणजे ती निकालात काढणे असा अर्थ आज रूढ आहे. मूळ व्यवहारात मात्र मोडीत निघालेली वस्तू दुसऱ्या रूपाने घरी परत येत असे.

या व्यवहाराला सणांचीही साथ होती. पावसाळा सरल्यावर दिवाळीपूर्वी घराची झाडलोट व सारवण होई, माळ्यावरच्या वस्तू खाली उतरत आणि धनत्रयोदशीला नवे भांडे घेण्याची रीत असल्याने जुन्याची मोड देण्यास निमित्त मिळे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री केर काढून अलक्ष्मीला घराबाहेर घालवण्याचा आचारही याच काळातला. केराला मान नव्हता, केरसुणीला मात्र लक्ष्मी म्हणून पूजेचा मान होता. कपड्यांची वाट वेगळी होती. जुनेराची गोधडी होई, आणि शहरांतून फिरणारी बोहारीण कपडे घेऊन भांडे देई.

त्यागाचा अधिकार

भांडे मोडीत देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न या इतिहासात महत्त्वाचा आहे. लग्नात मुलीला आंदण म्हणून मिळालेल्या भांड्यांवर छिन्नीच्या ठिपक्यांनी नाव कोरण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र होती. स्त्रीधनाची संकल्पना धर्मशास्त्रात जुनी असली आणि हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 च्या कलम 14 ने स्त्रीच्या संपत्तीवर तिची पूर्ण मालकी मान्य केली असली, तरी ज्या स्त्रियांच्या नावे जमीन नव्हती त्यांच्या मालकीचा लेखी पुरावा बहुधा या ठिपक्यांतच होता. अडचणीच्या वर्षी सावकाराकडे पहिल्यांदा जाणाऱ्या वस्तूंत हीच भांडी असत. भांडे मुशीत गेले की धातू उरे, नाव जाई. कागदपत्रांइतकीच ही नावे इतिहासाची साधने आहेत, पण साधनांच्या यादीत त्यांची गणना क्वचितच होते. घर आवरताना काय टाकले गेले याची नोंद घर आवरणारा ठेवत नाही.

धातू बदलला

प्रथम ॲल्युमिनियम आले. ग्रामीण बोलीत त्याला 'जर्मन' किंवा 'जर्मल' म्हणत. ते हलके व स्वस्त होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टील आले आणि त्याने पितळेला स्वयंपाकघरातून जवळजवळ हद्दपार केले. त्याला कल्हई लागत नाही, चिंचेने घासावे लागत नाही. घासणारीच्या दृष्टीने ही मुक्तीच होती, आणि पितळेविषयी हळहळणाऱ्या लेखनात तिची दखल फारशी घेतली जात नाही. पण क्रोमियमयुक्त पोलाद वितळवण्यास सुमारे 1400 अंशांहून अधिक उष्णता लागते. ते गावच्या कासाराच्या भट्टीचे काम नव्हे. ग्राहकाला स्टीलचे भांडे मिळाले ते बहुधा पितळेच्या मोडीच्या बदल्यात. म्हणजे कासाराचा कच्चा माल ज्या दुकानात जमा होऊ लागला, तेथेच त्याचा प्रतिस्पर्धी विकला जात होता. भंडाऱ्यातील पितळी धंद्याच्या उतरणीची इतरही कारणे आहेत, तरी हे कारण दुर्लक्षिण्याजोगे नाही.

योगायोग असा की याच काळात, 1980 च्या दशकात, वरठीत सनफ्लॅग हा पोलाद कारखाना उभा राहिला. तेथे प्रामुख्याने वाहनउद्योगासाठी मिश्रधातू पोलाद तयार होते, घरगुती भांडी नव्हेत. विद्युत भट्टीच्या पोलादनिर्मितीत भंगार हा नेहमीचा कच्चा माल असतो. धातू पुन्हा वितळण्याची प्रक्रिया थांबली नाही; ती घर आणि कासार यांच्या ओळखीतून निघून उद्योगाच्या मापात गेली. 'भंगार' शब्दाशी नादसाम्य असलेला 'भांगार' हा शब्द जुन्या मराठीत सोन्यासाठी येतो आणि कोकणीत आजही त्याच अर्थाने चालतो. दोन्ही शब्द एकच मानण्याचे कारण नाही, पण शेजार मोठा बोलका आहे.

अडगळीचा काळ

प्लास्टिक, फोम, लाकडाच्या भुशाचे फर्निचर, बंद पडलेले दूरचित्रवाणी संच यांना मोड नाही. असली तर नाममात्र आहे. म्हणून ती माळ्यावर जातात. जुन्या घरात वस्तू कमी होत्या याचे श्रेय अपरिग्रहाच्या शिकवणीला देण्याचा मोह होतो, परंतु तो तपासून पाहावा लागतो. गुंड, घंगाळ, हंडे यांची उतरंड हा घराचा अभिमानच होता; संचय होता, मात्र तो परत मोल देणारा होता. दारिद्र्यामुळे मुळात वस्तूच नसलेली घरेही पुष्कळ होती, आणि त्यांच्या रिकामेपणाला साधेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

शासनाने 2023 च्या मे महिन्यात शहरांमधून वापरलेल्या वस्तू स्वीकारणारी केंद्रे उघडण्याची मोहीम घेतली. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकावर आपल्या मालाच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली. कासार ती जबाबदारी नियमाविना, स्वतःच्या फायद्यासाठी घेत होता. प्लास्टिकबाबत 2022 मध्ये घातलेली अशी जबाबदारी वेष्टनांपुरती आहे. मोडकी बादली आणि पाय तुटलेली खुर्ची त्या चौकटीत येत नाही.