हिस्टोन : निव्वळ रीळ नव्हे
१८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ आल्ब्रेख्त कोसेल यांनी हंसाच्या रक्तपेशींतून हिस्टोन हे प्रथिन वेगळे केले. पुढे दीर्घकाळ ते डीएनए गुंडाळण्याचे निव्वळ रीळ मानले गेले. १९६४ मध्ये व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी त्यावरील रासायनिक बदलांचा संबंध जनुकांच्या कार्याशी जोडला. १९९८ मध्ये अमेरिकेत विल्यम बॉनर यांच्या गटाने दाखविले, की किरणोत्सर्गाने डीएनएचे दोन्ही धागे तुटताच काही मिनिटांत ‘एच२एएक्स’ या हिस्टोनवर फॉस्फेटची खूण उमटते. दुरुस्ती करणारी प्रथिने तेथे एकवटण्यास ती साहाय्य करते. यीस्टवरील प्रयोगांनी पुढचे रहस्य उलगडले : ही खूण पुसणारे विकर नसेल, तर दुरुस्ती होऊनही थांबलेले पेशीविभाजन पूर्वपदावर येण्यास विलंब लागतो. जखमेची नोंद जितकी आवश्यक, तितकेच ती वेळीच पुसणेही.