'अति' म्हणजे किती? : असृग्दर-संज्ञेच्या इतिहासाविषयी काही विचार

मासिक रजःस्रावाच्या आधिक्यास नाव देण्याचा प्रयत्न वैद्यकात शतकानुशतके चालू आहे; ते आधिक्य नेमके कोठून सुरू होते, हे मात्र वारंवार नव्याने ठरवावे लागले. वैद्यकाच्या अभ्यासकास हा रोगनिदानाचा प्रश्न वाटेल. भाषेच्या अभ्यासकास तो 'अति' या उपसर्गाच्या अर्थाचा प्रश्न वाटतो. आणि या दोहोंतील अंतर वरवर भासते तेवढे मोठे नाही.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील ३० व्या अध्यायात शुद्ध आर्तवाचे लक्षण आले आहे. ते महिन्याने यावे, पाच रात्री टिकावे, त्यात दाह व वेदना नसाव्यात, आणि ते फार अधिकही नसावे, फार अल्पही नसावे. येथे काळाची मर्यादा संख्येने सांगितली आहे. प्रमाणाची मात्र केवळ दोन निषेधांनी. सुश्रुताने शारीरस्थानात अतिप्रमाणात होणाऱ्या व ऋतुकाळाबाहेरही होणाऱ्या स्रावास 'असृग्दर' म्हटले, म्हणजे आज वेगळे मानले जाणारे दोन विकार एकाच संज्ञेत सामावले. 'असृज्' हा रक्तवाचक शब्द फार प्राचीन असून हित्ती भाषेतील 'एस्हर' हा त्याचा सगोत्र होय. 'दर' आणि 'प्रदर' यांच्या मुळाशी विदारणार्थक 'दॄ' धातू आहे. मौजेची गोष्ट अशी की, 'मेनोरेजिया' या पाश्चात्त्य संज्ञेचे उत्तरपदही फुटणे, तुटणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आलेले आहे. धातू भिन्न, परंपरा भिन्न. कल्पना मात्र दोन्हीकडे बांध फुटल्याची. अशा संज्ञा आपत्तीचे चित्र उत्तम उभे करतात, पण मोजमापास काडीचाही आधार देत नाहीत.

'प्रदर' शब्दाचा विस्तार पुढे आणखी वाढला. रक्तप्रदर आणि श्वेतप्रदर असे त्याचे दोन भेद रूढ झाले, आणि मराठीनेही हाच सैलपणा राखला. 'धुपणी' तांबडीही असते, पांढरीही असते. 'अंगावरून जाणे' हा प्रयोग तर रंगाचा उल्लेखही न करता चालतो. ('धुपणी' आणि जमिनीची 'धूप' यांतील साम्य सूचक आहे, तेवढ्यावरून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही.) संकोचामुळे कर्ता आणि कर्म दोन्ही गाळून टाकणारे हे वाक्य व्याकरणदृष्ट्या मोठे रोचक आहे. निदानाच्या दृष्टीने ते धोक्याचे आहे, हे पुढे दिसेल.

प्रमाणास संख्या मिळाली ती स्वीडनमध्ये. १९६४ साली हालबर्ग व निल्सन यांनी पाळीत वापरलेल्या घड्या क्षारद्रावात भिजवून, त्यात उतरणाऱ्या हिमॅटिनच्या रंगावरून रक्ताचे मान काढण्याची रीत प्रसिद्ध केली. १९६६ मध्ये गोथेनबर्ग येथील ४७६ स्त्रियांच्या पाहणीत सरासरी स्राव सुमारे ४३ मिलिलिटर आढळला आणि प्राकृत स्रावाची वरची मर्यादा ६० ते ८० मिलिलिटर ठरली. या आकड्यामागील तर्क लोहाचा होता. एक मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह जाते. ८० मिलिलिटरच्या पुढे लोहन्यूनतेची चिन्हे अधिक दिसू लागतात. मात्र ही मर्यादा स्वीडिश स्त्रियांच्या पाहणीतून आली, हे पुढील पाठ्यपुस्तके बहुधा विसरली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. लोहाचा साठा आधीच रिता असेल, तर ८० च्या आतील स्रावही भारी पडेल, असे माझे मत आहे.

शिवाय ही रीत प्रयोगशाळेबाहेर चालणारी नव्हती. १९८० मध्ये चिंबिरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, स्त्रीचा स्वतःचा अदमास आणि मोजलेला स्राव यांचा मेळ बसत नाही. यावरून स्त्रीचे म्हणणे अविश्वसनीय ठरवावे, की मापच अपुरे मानावे? दीर्घकाळ पहिला पक्ष प्रबळ होता. २००७ मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने दुसरा पक्ष स्वीकारला: ज्या स्रावाने स्त्रीच्या शारीरिक, मानसिक, सामाजिक व भौतिक जीवनात व्यत्यय येतो तो अतिस्राव. २०११ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फिगो' या आंतरराष्ट्रीय महासंघाने नवे वर्गीकरण प्रसिद्ध केले आणि 'मेनोरेजिया' ही संज्ञाच टाकून द्यावी असा निर्णय दिला, कारण देशोदेशी तिचे अर्थ निरनिराळे झाले होते. कोठे ती लक्षण होती, कोठे निदान.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. १९२६ मध्ये फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रांड यांनी ओलांड बेटांवरील एका कुटुंबातील रक्तस्रावी विकाराचे वर्णन केले. ज्या मुलीपासून या शोधास आरंभ झाला, ती पुढे आपल्या चौथ्याच पाळीत रक्तस्रावाने दगावली. तिचा दोष गर्भाशयात नव्हता, रक्ताच्या साकळण्यात होता. नव्या वर्गीकरणात गर्भाशयातील मांसांकुर, गाठी व कर्करोग यांच्या जोडीला रक्त साकळण्याचे दोष आणि बीजोत्सर्गाचे दोषही स्वतंत्र नोंदले आहेत, ते याचसाठी. उपचारांचाही विस्तार झाला. जपानमधील ओकामोटो दांपत्याने १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेले ट्रॅनेक्झॅमिक आम्ल रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. लेव्होनॉर्जेस्ट्रेल सोडणारे गर्भाशयांतर्गत साधन १९९० मध्ये प्रथम फिनलंडमध्ये उपलब्ध झाले. लोह तर स्वस्तच आहे. गर्भाशय काढणे हा बहुतेक रुग्णांत शेवटचा उपाय होय.

तो पहिला कसा होतो, हे २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात दिसले. ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये, त्यांतही पुष्कळशा तरुण वयाच्या, गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर झाल्याचे उघडकीस आले आणि राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. पाळीमुळे कामास खाडा पडला की दंड, फडावर ना पाणी ना आडोसा, आणि कर्करोगाची घातलेली भीती, अशी कारणपरंपरा त्या वेळी पुढे आली. या स्त्रियांच्या तक्रारींत तांबडे जाणेही होते, पांढरे जाणेही होते; पहिल्याची कारणे अनेक, दुसऱ्याचे कारण पुष्कळदा साधा जंतुसंसर्ग. दोन्हींस बोलीत नाव एकच, आणि शस्त्रक्रियाही एकच मिळाली. तिला त्या भागात 'पिशवी काढणे' म्हणतात.