भिंतीवरचे हिरवे विष

व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत ब्रिटनमध्ये भिंतींना नक्षीदार कागद लावण्याची प्रथा घरोघरी पसरली. १८३६ मध्ये या कागदावरील कर रद्द झाला. पुढे यंत्रावर छपाई होऊ लागल्याने तो मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आला. वेलबुट्टीच्या नक्षीत तजेलदार हिरव्या रंगाला विशेष मागणी असे. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यांनी १७७५ मध्ये शोधलेला हा रंग मात्र तांबे व आर्सेनिक, अर्थात सोमल, यांच्यापासून बनत असे. त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाई आणि दमट भिंतीवरील बुरशीमुळे विषारी वायूही निर्माण होई. नामवंत नक्षीकार विल्यम मॉरिस यांच्या सुरुवातीच्या कागदातही आर्सेनिक असल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत आढळले. डॉक्टरांनी इशारे देऊनही ब्रिटनमध्ये बंदीचा कायदा झाला नाही. ग्राहकांनी पाठ फिरवल्यावरच उत्पादकांनी आर्सेनिकविरहित कागद बाजारात आणले.