युद्धविमानांचें कुलवृत्त

इ. स. १९८२ मध्यें पीटर व्हॅचर नांवाचे एक इंग्रज गृहस्थ जुन्या रोल्स-रॉइस मोटारींच्या शोधांत भारतांत हिंडत होते. बनारस हिंदु विश्वविद्यालयाच्या आवारांत त्यांना मोटारीऐवजीं एक विमान दिसलें. तें उघड्यावर उभें होतें व उन्हापावसानें त्याची पार रया गेली होती. परंतु जाणत्याच्या नजरेला त्याची जात ओळखतां येण्यासारखी होती. दुसऱ्या महायुद्धांतील तें हॉकर हरिकेन जातीचें लढाऊ विमान होतें. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना यंत्रविद्या प्रत्यक्ष दाखवितां यावी म्हणून १९४७ सालीं तें विश्वविद्यालयास देण्यांत आलें होतें. त्याचा क्रमांक होता आर ४११८.

विमानांचा इतिहास शोधणारास हा क्रमांक हातीं लागला, कीं निम्मा गड सर झाला. ब्रिटिश हवाई दलांत प्रत्येक विमानास असा एक अनुक्रमांक मिळे आणि एकदां दिलेला क्रमांक पुनः दुसऱ्यास दिला जात नसे. विमानाच्या कुशीवर मोठ्या अक्षरांत रंगविलेलीं स्क्वाड्रनचीं चिन्हें मात्र अगदीं निराळीं. तीं चाळींतल्या खोलीच्या क्रमांकासारखीं. एक बिऱ्हाडकरू गेला, कीं त्याच खोलींत दुसरा येतो आणि पत्ता तोच राहतो. आज ज्या विमानावर ‘डब्ल्यू’ हें अक्षर आहे, तें उद्यां पडलें, तर परवां नवें विमान येऊन तेंच अक्षर धारण करी. जुन्या छायाचित्रांत केवळ हें अक्षर पाहून विमानाची ओळख सांगणारे पुष्कळदां फसतात, तें याच कारणानें.

क्रमांक मिळाल्यानंतर कागद पाहावे लागतात, आणि येथें खऱ्या इतिहाससंशोधनाला आरंभ होतो. प्रत्येक विमानाच्या नांवें हवाई दलानें एक पत्रक ठेविलें होतें. विमान कोणत्या तारखेस कोणत्या तुकडीकडे गेलें, केव्हां दुरुस्तीस आलें, केव्हां दप्तरांतून कमी केलें, एवढेंच त्यावर त्रोटक लिहिलेलें असे. अशीं पत्रकें लंडनजवळ हेंडन येथील हवाई दलाच्या संग्रहालयांत जपून ठेविलेलीं आहेत. स्क्वाड्रनच्या रोजनिशींत कोणत्या दिवशीं कोणता वैमानिक कोणतें विमान घेऊन उडाला याची नोंद सांपडते. ती रोजनिशी क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत पाहावयास मिळते. शिवाय वैमानिकांच्या स्वतःच्या उड्डाणवह्या आहेत, आणि लढाईहून परत आल्यावर त्यांनीं दिलेलीं निवेदनें आहेत.

हीं सारीं साधनें सारख्याच विश्वासाचीं नव्हेत. रोजनिशी लिहिणारा कारकून लढाईच्या धांदलींत दोन अंकांची अदलाबदल करी. वैमानिक पुष्कळदां संपूर्ण क्रमांक न लिहितां केवळ अक्षर लिहून मोकळा होई. निवेदनांत पाडलेल्या शत्रुविमानांची संख्या उत्साहाच्या भरांत वाढे. राजवाड्यांनीं १८९८ सालापासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें छापून महाराष्ट्रास बखर आणि अस्सल कागद यांतील भेद शिकविला. तोच भेद येथेंहि लागू पडतो. एक कागद एकट्यानें साक्ष देतो तेव्हां ती संशयित. पत्रक, रोजनिशी आणि उड्डाणवही हीं तिन्ही एका तारखेवर जुळलीं, कीं मगच ती ग्राह्य.

आर ४११८ च्या बाबतींत तीं जुळलीं, आणि जें बाहेर आलें तें थक्क करणारें होतें. हें विमान ग्लॉस्टर कंपनीनें बांधलेलें. ऑगस्ट १९४० मध्यें तें स्कॉटलंडमधील ड्रेम येथें ६०५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्यें दाखल झालें आणि सप्टेंबरांत तिच्याबरोबर लंडनच्या दक्षिणेस क्रॉयडनच्या तळावर आलें. ब्रिटनची प्रसिद्ध हवाई लढाई त्या वेळीं ऐन भरांत होती. या लढाईचें श्रेय लोकांच्या तोंडीं स्पिटफायर विमानास जातें. परंतु शत्रूचीं अधिक विमानें पाडलीं तीं हरिकेननीं. आर ४११८ नें या काळांत ४९ वेळां शत्रूच्या शोधार्थ उड्डाण केलें आणि पांच शत्रुविमानांच्या नाशांत त्याचा वांटा होता. २२ ऑक्टोबर १९४० रोजीं झुंजींत त्यास इजा झाली. दुरुस्तीनंतर त्यास पुनः लढाऊ तुकडींत घेण्यांत आलें, पुढें शिकाऊ वैमानिकांच्या हातीं देण्यांत आलें, आणि डिसेंबर १९४३ मध्यें खोक्यांत बंद करून प्रशिक्षणाच्या कामासाठीं भारताकडे रवाना करण्यांत आलें.

आकाशांत लढून आलेलीं या जातीचीं विमानें फार थोडीं उरलीं आहेत. बहुतेक तेव्हांच जळालीं, समुद्रांत बुडालीं, किंवा युद्धानंतर भंगारांत गेलीं. लढाईंतील एक विमान सबंध राहिलें, तें बनारसच्या विद्यार्थ्यांपुढें धड्याचें साधन म्हणून उभें होतें यामुळें. विश्वविद्यालयानें तें सोडावें यासाठीं वाटाघाटी वर्षानुवर्षें चालल्या. अखेर २००१ सालीं विमान इंग्लंडला गेलें. सफक परगण्यांतील कारागिरांनीं त्याची पुनर्बांधणी केली आणि २३ डिसेंबर २००४ रोजीं केंब्रिज येथून तें पुनः आकाशांत गेलें. नागरी नोंदणीसाठीं त्यास ‘जी-एचयूपीडब्ल्यू’ हीं अक्षरें घेण्यांत आलीं. त्यांतील शेवटचीं तीन म्हणजे ६०५ स्क्वाड्रनमध्यें त्याच्या कुशीवर असलेलीं ‘यूपी-डब्ल्यू’ हींच होत. १९४० मध्यें हें विमान चालविणारे बॉब फॉस्टर त्या वेळीं हयात होते, आणि आपलें जुनें विमान त्यांना पुनः पाहावयास मिळालें. ते २०१४ सालीं वारले.

परंतु हें विमान खरोखर तेंच काय, असा प्रश्न चिकित्सक मनुष्य विचारल्याशिवाय राहणार नाहीं. हरिकेनचा मूळ सांगाडा धातूच्या नळ्यांचा. त्यावर लांकडाची चौकट आणि तिच्यावर ताणून बसविलेलें कापड. साठ वर्षांत कापड टिकत नाहीं, लांकूड कुजतें, धातूस गंज चढतो. उड्डाणाचा परवाना देणारा अधिकारी इतिहासाकडे पाहून परवाना देत नाहीं; प्रत्येक भाग भार सोसण्यास समर्थ आहे कीं नाहीं एवढेंच तो पाहतो. म्हणून जीर्णोद्धारांत पुष्कळ भाग नवे घालावेच लागतात. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार होतो, शिखर नवें चढतें, सभामंडप नवा होतो, तरी गाभाऱ्यांतील देव तोच म्हणून देऊळहि तेंच मानतात. विमानाला गाभारा कोणता, हाच खरा वाद आहे.

या वादाचें टोकाचें उदाहरण पी ९३७४ या स्पिटफायरचें. २४ मे १९४० रोजीं पीटर कॅझेनोव्ह या वैमानिकानें तें कॅलेजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर उतरविलें. वैमानिक जर्मनांच्या कैदेंत गेला आणि विमान वाळूनें गिळलें. १९८० सालीं तें पुनः वर आलें. चाळीस वर्षें खाऱ्या पाण्यांत राहिलेल्या त्या अवशेषांतील किती धातु पुनः उडण्यालायक राहिला असेल, याची कल्पना कोणासहि करतां येईल. तरीहि त्या अवशेषांपासून उभारलेलें विमान २०११ सालीं उडालें, आणि २०१५ सालीं लंडनमधील लिलांवांत त्यास ३१ लक्ष पौंडांहून अधिक किंमत आली. ती रक्कम धर्मादाय कार्यास दिली गेली, ही गोष्ट वेगळी. परंतु एवढी किंमत केवळ नव्या धातूस येत नाहीं. ती येते क्रमांकास, आणि त्या क्रमांकामागील मे १९४० मधील एका दिवसास. क्रमांकास मोल आलें, कीं कागदांची परीक्षाहि अधिक कडक हवी, हें उघड आहे. त्या दृष्टीनें बनारसच्या हरिकेनचें स्थान निःसंशय वरचें. तें वाळूंतून तुकड्यातुकड्यांनीं आलें नाहीं. सबंध विमान म्हणून उभें होतें आणि त्याच्या प्रत्येक स्थलांतराचा माग लागत होता.

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे आणि त्याकडे मात्र लक्ष कमी जातें. एखाद्या विमानाच्या आयुष्यांतील कोणता काळ त्याची ओळख म्हणून रंगवावयाचा? याचें उत्तर देण्यास लिबरेटर विमानांची कथा उपयोगी पडेल. युद्ध संपल्यावर हीं प्रचंड अमेरिकन बाँबफेकी विमानें कानपूरनजीक चकेरीच्या तळावर टाकून देण्यांत आलीं. पुनः कोणास वापरतां येऊं नयेत म्हणून जातांना त्यांची मोडतोडहि करण्यांत आली. स्वतंत्र भारताला बाँबफेकी विमानें हवीं होतीं, पण विकत घेण्यास पैसा नव्हता. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यानें तें भंगार तपासलें, एका सांगाड्यांतील धडके भाग दुसऱ्यास जोडले, आणि कारखान्याचे चांचणी-वैमानिक जमशेद कैकोबाद मुन्शी यांनीं तीं कशींबशीं उडूं शकणारीं धुडें एकेक करून कानपूरहून बंगलोरला नेलीं. अशीं चाळीसच्या आसपास विमानें पुनः उभीं राहिलीं. पुण्याच्या लोहगांव तळावरहि त्यांचा मुक्काम होता. भारतीय हवाई दलानें तीं १९६८ पर्यंत वापरलीं. जगांत इतरत्र तोंवर हीं विमानें बहुतेक दिसेनाशीं झालीं होतीं. म्हणूनच पुढें ब्रिटन, अमेरिका व कॅनडा येथील संग्रहालयांना लिबरेटर हवें झालें, तेव्हां त्यांना भारताच्या दारीं यावें लागलें.

यांतील एक विमान ऑगस्ट १९४४ मध्यें टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथें तयार झालें व ब्रिटिश हवाई दलाकडे गेलें. युद्धानंतर तें भारतांत राहिलें आणि भारतीय हवाई दलानें तें वीस वर्षें चालविलें. अमेरिकेंतील कॉलिंग्ज प्रतिष्ठानानें त्याचा जीर्णोद्धार करून १९८९ सालीं तें पुनः उडविलें. मात्र त्याच्या अंगावर एकामागून एक रंग चढले ते दुसऱ्याच विमानांचे. २००५ सालीं त्यास ‘विचक्राफ्ट’ हें नांव मिळालें. तें नांव धारण करणारें मूळ विमान युरोपांत १३० मोहिमा करून आलेलें एक वेगळेंच लिबरेटर. जुन्या अमेरिकन सैनिकांना आपल्या तारुण्यांतील विमान पुनः पाहिल्याचा आनंद झाला असेल, आणि तो कोणी हिरावून घेऊं नये. पण ज्या हातांनीं तें भंगारांतून उचललें आणि ज्यांच्या सेवेंत त्याचें सर्वांत दीर्घ आयुष्य गेलें, त्यांची खूण त्या रंगाखालीं झांकली गेली. हें न्याय्य झालें असें म्हणवत नाहीं.

रंग आणि क्रमांक उसने घेण्याची प्रथा भारतांतहि आहे, हें येथें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं शीख पलटणीच्या सैनिकांना घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटा विमानाचा क्रमांक व्हीपी ९०५ होता. २०१८ सालीं हवाई दलांत दाखल झालेल्या ‘परशुराम’ या डकोटावर तोच क्रमांक आहे; परंतु हें विमान निराळें. राजीव चंद्रशेखर यांनीं तें परदेशांत विकत घेऊन, इंग्लंडमध्यें कॉव्हेंट्री येथें दुरुस्त करवून हवाई दलास भेट दिलें. त्यांचे वडील याच जातीच्या विमानाचे वैमानिक होते. येथें क्रमांक आदरार्थ घेतला असल्याचें प्रथमपासून उघड सांगण्यांत आलें. एवढें सांगितलें, कीं फसवणुकीचा प्रश्न उरत नाहीं. पुढील पिढींतील एखादा संशोधक केवळ छायाचित्र पाहून हेंच श्रीनगरचें विमान असें लिहून बसेल, ही भीति मात्र उरते.

आर ४११८ ला कोणाचा रंग उसना घ्यावा लागला नाहीं. त्याच्या अंगावर स्वतःचाच क्रमांक आहे आणि स्वतःच्याच स्क्वाड्रनचीं अक्षरें. मात्र त्या अक्षरांनीं सांगितलेला काळ कांहीं आठवड्यांचा आहे, आणि भारतांत त्यानें काढलेलीं वर्षें पन्नासांहून अधिक. ६०५ स्क्वाड्रनमध्यें तें कोणी कोणी चालविलें यांचीं नांवें उड्डाणवह्यांतून व रोजनिशींतून वेंचून काढतां आलीं. बनारसच्या अभियांत्रिकी विद्यालयाच्या ज्या विद्यार्थ्यांना हरिकेनच्या सांगाड्यावर विमानाची रचना शिकविली गेली, त्यांचीं नांवें विश्वविद्यालयाच्या पटांवर शोधावीं लागतील.